विश्रामबागेतला टँगो श्रवणवर्ग: गाणी नीट निवडलेली, भाषांतराचे कागद जपून वाचा

सांगलीत विश्रामबागेत टँगोचा, म्हणजे अर्जेंटिनाकडच्या नाचगाण्याचा, श्रवणवर्ग चालतो. तीन शनिवार, संध्याकाळी सहा ते आठ, तिन्ही दिवसांचे मिळून सहाशे रुपये आणि गाण्यांच्या मराठी भाषांतराचे कागद त्यातच. नाच शिकवत नाहीत. सरलेलं तारुण्य आणि हातून गेलेलं प्रेम या विषयाची बारा गाणी ऐकवतात. निवड जाणकाराची आहे.

सुरुवात 'मी नोचे त्रिस्ते'नं ('माझी उदास रात्र') होते, आणि तिथूनच व्हायला हवी. १९१७ मध्ये टँगोचा नामवंत गायक कार्लोस गार्देलनं हे गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि टँगोत विरहाची गोष्ट सांगायची वाट पडली. गीतकार पास्कुआल कोंतुर्सीनं दुःखाचं बरंचसं काम खोलीतल्या वस्तूंवर सोपवलंय: कपाटात टांगलेली गिटार, पेटायला तयार नसलेला दिवा, सोडून गेलेली ती येईल म्हणून रात्री उघडं ठेवलेलं दार. 'माते'सोबत खायची बिस्किटंसुद्धा गाण्यातला माणूस अजून आणतोच. कागदावर त्याचं 'चहा-बिस्किटं' झालंय. वाचायला सोपं आहे, पण माते हे पेय एकाच भांड्यातून, एकाच नळीनं, आळीपाळीनं पितात. चहाला दोन कप लागतात. भांडं पुढे करायला समोर कुणी उरलं नाही, ही कळ 'चहा'त पार बुडते. शब्द 'माते'च ठेवून खाली एका ओळीची टीप पुरली असती.

खरी चूक 'वोल्वेर'मध्ये आहे. गार्देलची चाल, आल्फ्रेदो ले पेराचे शब्द, ध्वनिमुद्रण १९३५ चं. वोल्वेर म्हणजे 'परतणं'; या रूपाला काळ नाही आणि कर्ताही नाही. माणूस अजून वाटेवर आहे, लांबच्या दिव्यांची लुकलुक त्याला जाणवतेय आणि जुन्या दिवसांशी गाठ पडेल याची धास्ती आहे. कागदावर मात्र ध्रुवपदाची पहिलीच ओळ 'मी परत आलो'. पोचलाच, तर मग धास्ती कसली? 'परतायचं' एवढं केलं तरी गाणं सावरतं. काळाच्या हिमानं रुपेरी झालेल्या कानशिलांचं 'पिकली कानशिलं' केलंय, ते मात्र फार सुरेख.

दुसऱ्या शनिवारी बरेच जण कागदावर हरवतात, आणि त्याला कारण आहे. १९३०च्या दशकात नाचासाठी वाजणाऱ्या वाद्यवृंदांच्या तबकड्यांत गायक बहुतेक वेळा फक्त ध्रुवपद गातो. निम्म्याहून जास्त वेळ नुसती वाद्यं. कागदावर मात्र सगळी कडवी छापलेली. गायलेल्या ओळींखाली रेघ मारून द्यायला हवी. तोवर पहिल्यांदा कागद उलटा ठेवून ऐकावं, दुसऱ्यांदा ओळींवर बोट ठेवून. गाणं तीन मिनिटांचं असल्यानं दोनदा ऐकायला वेळ पुरतो.

नाट्यपदांवर तयार झालेला कान ठेका पकडायला तबला शोधतो. इथे तालवाद्य सहसा नसतंच. बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) आणि पियानोच्या डाव्या हातावर लक्ष ठेवावं. टँगोचं खास वाद्य बांदोनेऑन 'पेटीसारखा' असं सांगतात, ते अर्धंच खरं. पेटीसारख्याच धातूच्या पट्ट्या त्यातही वाजतात. पण तो मांडीवर धरून दोन्ही हातांनी ओढतात-दाबतात, आणि एकच बटण ओढताना एक स्वर देतं, दाबताना बहुधा दुसरा.

हॉलमधले पंखे घरघरतात आणि त्यात जुन्या तबकड्यांचे हळू शब्द विरतात. स्पीकर डाव्या भिंतीला आहेत; त्या बाजूच्या पहिल्या दोन रांगा धराव्यात, म्हणजे पावणेसहालाच पोचावं लागेल.