ऊसतोडीच्या कोपीत बीए : मुक्त विद्यापीठाचा माझा अनुभव

नववीत असताना लग्न झालं. दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर जायचं, तिथं कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहायचं. रोज कॉलेजात बसणं आमच्यासारख्यांना कधीच जमलं नसतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला सुरू झालं आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन तालुक्या-तालुक्यात अभ्यासकेंद्रं निघाली, म्हणून माझी बीए झाली.

बारावी नसतानाही मला तेव्हा पूर्वतयारीची परीक्षा देऊन प्रवेश मिळाला. आता नियम काय आहेत ते आधी केंद्रावर विचारून घ्या.

पुस्तकं मात्र खरंच चांगली. मास्तर समोर बसून समजावतो तशी भाषा, मध्ये मध्ये प्रश्न, मागे उत्तरं. फडातून आल्यावर भाकरी टाकायची, पोरं झोपली की बॅटरीच्या उजेडात एक घटक वाचायचा. इतिहासाच्या पुस्तकाच्या कडा पाचटाच्या धुळीनं पिवळ्या पडल्यात, ते मी अजून जपून ठेवलंय.

एक तक्रार आहे. माझ्या पहिल्या केंद्रावर रविवारच्या तासाला कधी कधी शिकवायला कुणीच नसायचं. तीस किलोमीटर एसटीनं येऊन परत जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरीपण बुडाली. दुसऱ्या वर्षी केंद्र बदललं. तिथल्या मॅडमनी माझा गृहपाठ ओळ न् ओळ तपासला, लाल शाईनं समासात लिहिलं, 'हे तुमच्या अनुभवातून लिहा.'

बायांनो, केंद्र नीट पारखून घ्या, पण नाव घालाच. औंदा माझ्या जावेचा फॉर्म भरतेय.