काळी चकचकीत डायल की बर्फाळ पांढरी? (ज्यांना बारीकसारीक दिसतं त्यांच्यासाठी)

लाखांमधलं घड्याळ घ्यायचं म्हणून कोणी सल्ला मागितला की मी हल्ली आधी एकच विचारतो, तुमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे का? आणि तो पुसून झाल्यावर तुम्ही वाकून, खिडकीच्या उजेडात आडवी नजर लावून पिठाचा कण राहिलाय का ते बघता का? बघत नसाल तर जे आवडेल ते घ्या आणि सुखात राहा. बघत असाल तर मात्र थांबा जरा, कारण मी पण त्यातलाच.

माझ्यासमोर दोन घड्याळं होती. एक स्विस, काळ्या लॅकरची (म्हणजे चकचकीत रोगणाची) आरशासारखी डायल, त्यावर बसवलेल्या चकाकत्या खुणा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे झालं ते कोणाच्याही बाबतीत होऊ शकलं असतं. दुसरं जपानी ग्रँड सेकोचं स्नोफ्लेक, मॉडेल एसबीजीए२११, बर्फासारख्या पांढऱ्या डायलचं. मशीन, पाण्यात किती मीटर चालतं, केसची साइज हे सगळं तुम्ही व्हिडिओ बघून बघून पाठ केलं असणार, ते सोडून देऊ.

दुकानात पाहाल तर काळंच जिंकतं, शंभर टक्के. वरून स्पॉटलाइट पडतो, खोल विहिरीत बघितल्यासारखी डायल दिसते आणि आपण कार्ड काढतो. स्नोफ्लेक त्याच उजेडात अगदी साधं पांढरं दिसतं, मला तर पहिल्यांदा वाटलं की एवढ्या पैशात हे काय. म्हणून मी काळं घेतलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी सिग्नलला गाडीत बसलो होतो, ऊन तिरकं येत होतं, आणि चारच्या खुणेच्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसला. रुमालाने पुसला. जाईना. मग काच ओली करून पुसली, तरी तिथेच. इथे एक उपयोगाची गोष्ट सांगतो, घड्याळ हळूहळू तिरकं करत जा आणि ठिपक्याकडे बघत राहा. तो जवळच्या खुणेच्या तुलनेत सरकला तर काचेवर आहे, बाहेरून किंवा आतून, आणि खुणेला चिकटून जागेवरच राहिला तर डायलवर आहे. माझा जागेवरच राहिला.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं, पण मी ओळखीच्या सोनाराकडून दहा पटीचं भिंग आणलं. झालं. ठिपका म्हणजे धाग्याचा तुकडा असावा असं दिसलं, आणि तो बघता बघता लक्षात आलं की सहाची पट्टी पण किंचित कलली आहे. या खुणांना मागे बारीक पाय असतात, ते डायलच्या भोकांत बसवून पक्के करतात, तिथे केसभर खेळ राहिला की पट्टी तिरकी होणार. ते मला समजतं. पण समजणं वेगळं आणि रोज सकाळी हातात घालताना आधी सहाकडे, मग चारकडे आणि मग वेळेकडे नजर जाणं वेगळं, कधी कधी तर वेळ बघायची राहूनच जायची आणि मला परत मनगट वर करावं लागायचं.

दुकानात दाखवलं तर ते अगदी नम्रपणे म्हणाले, सर, हे टॉलरन्समध्ये, म्हणजे चालण्याजोग्या फरकात, बसतं, आणि भिंगाखाली बघायचं नसतं. राग आला, पण नंतर विचार केला तर त्यांचं फार चुकलंही नाही. ज्या सर्टिफिकेटच्या जोरावर आपण निर्धास्त असतो त्यांचा डायलशी संबंधच नसतो. सीओएससी या स्विस संस्थेची अचूकतेची परीक्षा म्हणजे १५ दिवस, ५ स्थिती, ३ तापमानं, दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मर्यादा, पण ही सगळी परीक्षा केसबाहेर काढलेल्या मशीनची. मेटास या स्विस सरकारी मापन संस्थेच्या परीक्षेत अख्खं घड्याळ तपासतात, १५,००० गाउसच्या चुंबकात घालतात, पण तिथेही प्रश्न चालण्याचा, पाण्याचा, चुंबकाचा. सहाची पट्टी सरळ आहे का हे त्या कागदावर नसतं, ते कंपनीतल्या कोणाच्या तरी नजरेवर असतं.

उघडून साफ करून देतो असंही ते म्हणाले. आमच्या पेठेतल्या घड्याळजी काकांना विचारलं तर ते म्हणाले, उघडलं की एक कण जातो आणि दोन येतात. अतिशयोक्ती असेल, पण डायलला हात लावायचा म्हणजे मशीन केसमधून बाहेर, काटे उपटायचे, परत बसवायचे, परत पाण्याची टेस्ट, आणि काटे उपटताना मधोमध एखादा ओरखडा राहिला तर? नव्या घड्याळाचं हे मला करवेना. ठिपक्यासकट राहिलो, सात महिने. आणि शेवटी स्नोफ्लेक घेतलं.

काळ्या लॅकरचा दोष असा की त्यात दोष लपतच नाही. थरावर थर देऊन, घासून, पॉलिश करून तो आरसा तयार होतो, आणि आरशावर धूळ कशी दिसते ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या जुन्या घरात मोझेकची फरशी होती, त्यावर मोहरी सांडली तरी पायाला लागेपर्यंत कळायची नाही. स्नोफ्लेक म्हणजे ती मोझेक फरशी. (सेकोवाले ही तुलना ऐकून आजारी पडतील. त्यांचं म्हणणं नागानोमधल्या कारखान्याजवळच्या होताका डोंगरांवरच्या बर्फाचं आहे, आणि तेही खरंच आहे.) डायलवर आधीच बारीक चढउतार दाबून काढलेले, वर पांढरा रंग नाही तर चांदीचा मुलामा, त्यामुळे प्रत्येक मिलिमीटरला काहीतरी घडतच असतं आणि नजर एका ठिकाणी अडकत नाही. मी तेच भिंग लावून बघितलंय, अर्धा तास, ठिपका शोधायलाच बसलो होतो खरं तर. थोड्या वेळाने शोधायचं विसरलो आणि नुसता बघत बसलो. त्यावरून तो निळा सेकंद काटा टिकटिक न करता सरकत जातो.

पण एकतर्फी लिहिणार नाही. स्नोफ्लेकला रात्री चमकणारं काही नाही, नाट्यगृहात दिवे गेल्यावर वेळ कळत नाही, काळं त्या बाबतीत फार सोयीचं होतं. डायलवर आठच्या बाजूला चावी किती शिल्लक आहे ते दाखवणारा काटा आहे, तो काहींना खुपतो, मला सवय झाली. टायटॅनियम इतकं हलकं की सुरुवातीला हातात काही घातलंय असं वाटत नाही आणि पैसे गेल्यासारखं वाटतं. आणि यातल्या स्प्रिंग ड्राइव्ह नावाच्या सेकोच्या खास मशीनला पेठेतले काका हात लावणार नाहीत, ते कंपनीकडेच जाणार. पाहुण्यांनी लांबून ओळखावं अशी इच्छा असेल तर तेही होणार नाही, माझ्या साडूंनी विचारलं होतं, सेको? मग एवढं?

पोत हवा पण जपानी नको असेल तर गिलोशे केलेल्या, म्हणजे बारीक नक्षी कोरलेल्या, डायल बघा, तिथेही कण लपतात. एनॅमलचा मोह मलाही झाला होता. पण ते काचेचं पीठ साधारण ८०० अंशांवर परत परत भाजून होतं, त्यात एखादा काळा बिंदू किंवा टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहणं शौकीन लोक धरूनच चालतात, हाताच्या कामाची खूण म्हणतात. म्हणत असतील, मला पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत भाजलेल्या डायलवरचा काळा बिंदू झोपू देणार नाही. निळी सनबर्स्ट, म्हणजे मधून किरणांसारख्या रेषा फुटणारी डायल, ही मधली वाट आहे, उन्हात रेषा हलत असतात म्हणून बरेचसे दोष खपून जातात, पण ढगाळ दिवशी तीही उघडी पडते.

एक गंमत मात्र मान्य करतो. १९८०च्या दशकातल्या काही चकचकीत काळ्या डायलवर लॅकरला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले, आणि त्यांना स्पायडर डायल म्हणून शोधत फिरणारे लोक आहेत. म्हणजे चाळीस वर्षं थांबलो असतो तर माझा धागाही दुर्मिळ ठरला असता, कोण जाणे.

तरी काळंच हवं असेल तर घ्या, मला अजूनही ते दुरून जास्त देखणं वाटतं. फक्त पैसे देण्याआधी दुकानाच्या दारापाशी, उन्हात घेऊन जा, आणि पाच मिनिटं तिरकं करून बघा. ते कुरकुरले तर कुरकुरू दे. भिंग नेऊ नका. स्नोफ्लेकसाठी यातलं काही केलं नाही तरी चालेल असं माझं मत, एकाच माणसाचं, एकाच घड्याळावरून बनलेलं, तेवढीच त्याची किंमत.

माझं काळं शेवटी विकलं, थोडा तोटा सोसून. घेणाऱ्या गृहस्थांना आधीच सांगितलं की चारपाशी कण आहे, सहा कललं आहे. त्यांनी चष्मा काढून, घालून, बाल्कनीत जाऊन बघितलं आणि काही दिसत नाही म्हणाले. दोन महिन्यांनी त्यांचा मेसेज आला, रविवारी सकाळी, डायलचा अगदी जवळून काढलेला फोटो आणि खाली एवढंच, तुम्ही म्हणालात तो कण नक्की कुठे आहे हो?

फोटोत मला लगेच दिसला. अजून उत्तर दिलेलं नाही.