लायनर बदलायचा की अख्खा गुडघा पुन्हा? सैल सांध्याचा निर्णय

गुडघा बदलून झालाय, टाके कधीच सुकलेत, एक्स-रे बघून डॉक्टर 'छान बसलाय' म्हणतात आणि तरीही त्या पायाचा भरवसा वाटत नाही, अशांसाठी हे लिहितोय. दुखणं बोट ठेवून दाखवता येतं. सैलपणाचं तसं नाही, त्यामुळे माझे पहिले काही महिने 'अजून ताकद यायचीय' यातच गेले.

सरळ उभा राहिलो की माझा गुडघा घट्ट, वाकवला की सैल. खुर्चीतून उठताना काहीतरी पुढे सरकल्यासारखं वाटायचं, संध्याकाळपर्यंत सांध्यात पाणी भरायचं. पण खरा वैताग जिन्याचा, तोही उतरतानाचा. चांगला पाय खालच्या पायरीवर टेकेपर्यंत सगळा भार वरच्या, वाकलेल्या गुडघ्यावर असतो आणि नेमका तेव्हाच तो दगा द्यायचा. म्हणून एक हात कायम कठड्यावर. कपड्यांचं बोचकं असो की पुस्तकांचा गठ्ठा, दोन्ही हातांनी धरायची कोणतीही वस्तू खाली आणायची म्हणजे कुणाला तरी हाक मारायची. वर्षभर हाका मारल्या. माझा निर्णय त्या हाकांनीच केला, बाकीची कारणं मी मागाहून जोडली असं म्हटलं तरी चालेल.

ब्रेस (गुडघ्याला बाहेरून बांधायचा आधारपट्टा) आणि व्यायाम हा मार्ग मी आधी धरला. ब्रेसची बाजूची बिजागरी गुडघ्याला डावी-उजवीकडे कलू देत नाही; माझा सरकत होता पुढे-मागे. त्यात मांडी बारीक झालेली, त्यामुळे अर्ध्या तासात ब्रेस घसरून पोटरीवर. व्यायामानं मात्र सूज कमी झाली. मांडीचे पुढचे-मागचे स्नायू नेटानं कमावल्याशिवाय कुणी शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये असं मला वाटतं, कारण ती ताकद पुढे कुठल्याही मार्गाला लागतेच. जिना मात्र होता तसाच राहिला.

मग उरले दोन पर्याय: फक्त लायनर बदलणं किंवा अख्खा गुडघा पुन्हा बदलणं, म्हणजे पूर्ण रिव्हिजन. दोन्हींच्या आधी जंतुसंसर्ग नाही ना हे पाहिलं जातं: रक्तात ईएसआर, सीआरपी (शरीरात कुठे दाह आहे का हे दाखवणाऱ्या चाचण्या) आणि सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासणी. हा टप्पा कुणी गाळू पाहत असेल तर थांबून विचारा.

लायनर म्हणजे दोन धातूंच्या भागांमधलं प्लास्टिक. तो काढून जाड लायनर बसवायचा. धातू हाडावर जसाच्या तसा राहतो, ऑपरेशन आटोपशीर, पाय लवकर जमिनीला लागतो. खरं सांगतो, मी यावरच भाळलो होतो. दुसऱ्यांदा टेबलावर जायचंच तर थोडक्यात का सुटू नये?

तपासताना सर्जननी मला पाय लोंबकळता ठेवून बसवलं आणि नडगी पुढे ओढली. ती टेबलाच्या खणासारखी पुढे आली. पहिल्या वेळी माझं मागचं क्रूसिएट लिगामेंट (मांडीचं हाड आणि नडगी सांध्याच्या आत बांधून ठेवणारा पट्टा) राखलं होतं, ते नंतर निकामी झालेलं. मग त्यांनी पाय सरळ केला आणि डावी-उजवीकडे ढकलून दाखवला, हलला नाही. लायनरचा घोळ इथेच आहे. प्लास्टिक जाड केलं की वाकलेल्या गुडघ्यातली फट भरते, तशी सरळ गुडघ्यातलीही भरते. माझ्या सरळ गुडघ्यात भरायला फट नव्हतीच. म्हणजे जिना कदाचित सुधारला असता, पण पाय पूर्ण सरळ झाला नसता. पहिल्या ऑपरेशनआधी वाकड्या गुडघ्यानं लंगडण्यात काही वर्षं काढली होती. तिकडे परत जायची माझी तयारी नव्हती.

पूर्ण रिव्हिजनमध्ये धातूचे भाग काढतात, मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूला भर देऊन फक्त वाकतानाची फट कमी करता येते, आणि लायनरच्या मधोमध खुंटी असलेली बनावट बसवतात. निकामी लिगामेंटचं काम ती खुंटी करते. ही खुंटी किती घट्ट असावी हाही प्रश्न आहे. सांध्याला जितकं जास्त जखडाल तितका ताण हाड आणि सिमेंटच्या जोडावर जातो, म्हणून हाडाच्या पोकळीत दांडेही घालावे लागतात. बाजूची लिगामेंट्स शाबूत असतील तर थेट बिजागरीच्या, म्हणजे वरचा-खालचा भाग एकमेकांना जोडलेल्या कृत्रिम गुडघ्यापर्यंत जायची गरज सहसा पडत नाही. किंमतही मोजावी लागते: जुना धातू काढताना थोडं हाड जातं, जखम मोठी, आणि सावरायला मला पहिल्या वेळेपेक्षा बराच जास्त वेळ लागला. मधल्या एका आठवड्यात तर आपण उगाच या फंदात पडलो असंही वाटलं.

लायनर वाईट असं मी म्हणत नाही. गुडघा वाकवून आणि सरळ दोन्हीकडे सारखाच सैल असेल, प्लास्टिक झिजलेलं असेल आणि धातू नीट बसलेला असेल, तर तो मार्ग रास्त आहे. माझ्यासारखं फक्त वाकतानाच सैल असेल तर मात्र छोट्या ऑपरेशनच्या मोहात पडण्याआधी सर्जनना एवढंच विचारा: जाड लायनर घातल्यावर माझा पाय पूर्ण सरळ होईल का? उत्तर देताना ते घुटमळले तर मी असतो तर मोठ्या ऑपरेशनकडे वळलो असतो. वळलोच.

आता गुडघा पूर्वीइतका वाकत नाही. बसल्यावर टाच खुर्चीखाली जायची, ती आता जात नाही. सूज क्वचित येते. कपड्यांचं बोचकं मी दोन्ही हातांत धरून खाली आणतो. घरातले अजूनही सवयीनं उठतात, मग बसतात.