रविवारी सगळं करून ठेवायचं, अर्धी तयारी ठेवायची की कुकरवर सोडायचं? रोजच्या घाईतल्या चवदार जेवणाची तुलना

घरात दोघंही नोकरीवाले, मुलांच्या शाळा, क्लास, आणि संध्याकाळी सव्वासातला सगळे एकदम भुकेले. अशा घरात रोज पटकन आणि चवीचं जमवायचं तर साधारण चार रस्ते आहेत. सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं सगळं शिजवून ठेवणं, नुसती अर्धी तयारी ठेवणं, प्रेशर कुकर किंवा स्लो कुकरवर काम सोपवणं, आणि चौथं म्हणजे सगळं एका ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये सरकवणं. चारही मी प्रत्येकी दोन-तीन महिने सलग करून बघितलेत आणि आता माझं मत पक्कं झालंय, पण तुमच्या घरातली माणसं आणि वेळा वेगळ्या असतील तर उत्तरही वेगळं येईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुलना कशावर करायची ते आधी बघू. बहुतेक जण नुसती मिनिटं मोजतात. मी चवीपासून सुरुवात करते, कारण पटकन झालेलं जेवण घरात कुणी आवडीने खाल्लंच नाही तर पुढच्या आठवड्यात आपण ते करणं सोडून देतो आणि परत बाहेरून मागवायला लागतो. आता चव मुख्यतः दोन ठिकाणी तयार होते. एक, सुरुवातीला परतताना, जेव्हा कांदा लालसर होतो, चिकनच्या तुकड्याला तपकिरी कड येते, मसाल्याचा वास तेलात उतरतो. आणि दुसरं अगदी शेवटी, लिंबू, चिरलेली कोथिंबीर, ताजी कुटलेली मिरी, चमचाभर तेलात परतलेला लसूण. मधलं जे शिजणं आहे, मग ते अर्धा तास असो की सहा तास, त्यात पदार्थ मऊ होतो, चवी एकमेकांत मुरतात, पण तिथे आपण उभं राहायची काही गरज नसते. म्हणून मधलं काम मशीनवर किंवा सुट्टीच्या दिवसावर ढकलायचं आणि पहिलं-शेवटचं आपल्या हातात ठेवायचं, आणि जी पद्धत हे करू देते ती चांगली, हा माझा निकष.

परतण्यामागचं कारण कळलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. तपकिरी रंग आणि खमंगपणा ज्या क्रियेतून येतो तिला मायार रिॲक्शन म्हणतात, लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, आणि स्वयंपाकात ती जोरात व्हायला साधारण 140 अंश सेल्सियसच्या पुढे तापमान जावं लागतं. पाणी उकळतं 100 ला. म्हणजे कढईत पाणी आहे तोवर कांदा उकडतच असतो, भाजला जात नाही. कढई गच्च भरली की सगळं पांढरट आणि पिचपिचीत होतं ते याचमुळे, तेव्हा घाईतसुद्धा दोन खेपांत परता, पाच मिनिटं जास्त जातील पण ती जायलाच हवीत.

रविवारी सगळं शिजवून ठेवणं

याचा मोठा फायदा म्हणजे आठवड्यात डोकं अजिबात चालवावं लागत नाही. डबा काढला, गरम केला, वाढला. ज्यांच्या घरी यायच्या वेळा पक्क्या नाहीत, एक जण सहाला येतो आणि दुसरा नऊला, किंवा ज्यांच्याकडे मोठी मुलं आपलं आपण गरम करून घेतात, त्यांच्यासाठी मला अजूनही हीच पद्धत बरी वाटते.

पण गणित नीट बघा. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये, म्हणजे 4 अंश किंवा त्याखाली, तीन-चार दिवसच ठेवावं. रविवारी केलेलं बुधवारपर्यंत, फार तर गुरुवारपर्यंत. शुक्रवारचं जेवण फ्रीजरमध्येच जायला हवं, उणे 18 अंशाला, आणि हे करताना कशाचं काय होतं ते माहीत हवं. घट्ट शिजवलेली कडधान्यं, डाळी, रस्सेदार मांस, टोमॅटोचा सॉस हे सगळं फ्रीजरमधून छान परत येतं. उकडलेल्या बटाट्याचे तुकडे मात्र कणीदार होतात, दही घातलेली ग्रेव्ही फुटते, काकडी आणि पालेभाजीचं सॅलड तर सोडूनच द्या.

भाताचं वेगळं सांगते कारण त्यात लोक फार निष्काळजी असतात. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे स्पोअर, म्हणजे त्याची उष्णतेलाही न मरणारी सुप्त रूपं, असू शकतात, ते शिजवल्यावरही टिकतात, आणि भात तासन् तास ओट्यावर राहिला की वाढून विष तयार करतात जे परत गरम करून जात नाही. भात उरला तर पसरट भांड्यात पसरा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

माझी यातली एक चूक सांगते. सुरुवातीला मी मोठं पातेलं भरून राजमा केला आणि थोडा निवल्यावर तसाच्या तसा फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी वरचा थर गार होता पण डाव खाली घातला तर मध्यभागी अजून कोमट, आणि वास आंबूस. सगळं पातेलं टाकून द्यावं लागलं, आणि दोन तासांची मेहनत गेली त्यापेक्षा अन्न गेल्याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून दोन-तीन इंच उंचीच्या पसरट डब्यांत वाटून ठेवते, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते डबे फ्रीजमध्ये जातातच.

चवीच्या निकषावर ही पद्धत अर्धीच उतरते. परतणं रविवारी निवांत होतं ते चांगलं, पण शेवटचा ताजेपणा बुधवारपर्यंत टिकत नाही. त्याला उपाय आहे, लिंबू, कोथिंबीर, वरून फोडणी हे रविवारी घालायचंच नाही, वाढताना घालायचं. एवढं केलं तरी बराच फरक पडतो. उरतो प्रश्न कंटाळ्याचा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी तीच चव बघून धाकटी ताट ढकलायची.

अर्धी तयारी

मी इथे येऊन थांबलेय. यात पूर्ण पदार्थ करायचा नाही, पदार्थाचे वेळखाऊ तुकडे करून ठेवायचे. आणि सगळ्यात वेळखाऊ तुकडा कुठला, तर कांदा. पाककृतीत "कांदा लाल होईपर्यंत परता, 5 मिनिटे" असं लिहिलेलं असतं आणि ते कधीच खरं नसतं. किलोभर कांदा मनासारखा तपकिरी व्हायला मला चाळीस मिनिटं लागतात. ती रोज कुठून आणायची?

म्हणून सुट्टीच्या दिवशी रुंद, जाड बुडाच्या कढईत किलो-दीड किलो कांदा एकदाच. आधी तो पाणी सोडतो आणि बसतो, मग पारदर्शक होतो, मग कडा सोनेरी. त्यानंतर कढईच्या बुडाला तपकिरी पापुद्रा धरायला लागतो, आणि खरी मजा इथेच आहे, दोन चमचे पाणी टाकायचं, चर्र आवाज होतो, उलथन्याने तो पापुद्रा खरवडून कांद्यातच मिसळायचा. असं तीन-चार वेळा केलं की सगळा कांदा एकसारखा गडद आणि गोडसर होतो. मग आलं-लसूण, मग टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत. खाण्याचा सोडा चिमूटभर घातला तर रंग लवकर येतो हे खरं आहे, पण कांद्याचा लगदा होतो, त्यामुळे बारीक वाटायचाच असेल तर ठीक, एरवी मी घालत नाही.

हे गार झालं की झिपच्या पिशवीत भरून पातळ थापून फ्रीजरमध्ये आडवं ठेवते, पोथीच्या पानासारखं. लागेल तेवढा तुकडा मोडून घ्यायचा. आठवड्यात संध्याकाळी तो गोठलेला तुकडा थेट गरम तेलात टाकला की दोन मिनिटांत घरभर असा वास सुटतो की मुलं आपणहून स्वयंपाकघरात येतात. त्यात शिजवलेले छोले घातले तर एक पदार्थ, चिकन घातलं तर दुसरा, अंडी फोडून झाकण ठेवलं तर तिसरा, पाणी वाढवून मसूर घातली तर चौथा. वीस-पंचवीस मिनिटांत ताजं जेवण, आणि रोज वेगळं. ताट ढकलणं आपोआप थांबलं.

कच्ची तयारी मात्र जपून करा. कच्चा कांदा चिरून ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याला उग्र वास येतो आणि फ्रीजमधल्या बाकीच्या गोष्टींनाही तो लागतो, त्यामुळे ठेवायचाच तर परतून. गाजर, कोबी, फरसबी, फ्लॉवर चिरून कोरडी करून डब्यात तीन दिवस आरामात राहतात. आणि एक कळकळीने सांगते, सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि अशा ठिकाणी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढू शकतो, वास किंवा रंगावरून कळतही नाही. लसणाचं वाटण फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एक खण म्हणजे एका वेळचा.

ही पद्धत कुणाला नको? ज्यांना संध्याकाळी वीस मिनिटंसुद्धा ओट्याशी उभं राहता येत नाही, तान्हं बाळ आहे किंवा घरी यायलाच साडेआठ होतात, त्यांनी पहिली पद्धत धरावी.

प्रेशर कुकर की स्लो कुकर

लोक मला हेच जास्त विचारतात, आणि दोन्हींत नेमकं उलटं काम चालतं. प्रेशर कुकरची कल्पना जुनी आहे, डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकाने 1679 मध्ये वाफेवर चालणारं असं भांडं दाखवलं होतं. आत दाब वाढला की पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंशाला उकळतं, म्हणून भिजवलेले छोले वीसेक मिनिटांत मऊ होतात. पण 120 म्हणजे 140 नाही, तेव्हा झाकण लावल्यावर आत काही खमंग होईल ही आशा सोडा, कांदा आणि मांस आधी उघड्या कुकरमध्येच परतून घ्या, बुडाला लागलेलं थोड्या पाण्याने खरवडा (इलेक्ट्रिक कुकरमध्ये हे नाही केलं तर करपल्याची सूचना येऊन तो मध्येच थांबतो) आणि मग झाकण. वाफ बाहेर जात नाही त्यामुळे पाणी उघड्या पातेल्यापेक्षा कमी घालायचं, आणि शेवटी झाकण काढून पाच मिनिटं आटवायचं. हे आटवणं बरेच जण गाळतात आणि मग म्हणतात कुकरचं जेवण पाणचट लागतं.

इलेक्ट्रिक कुकर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, पाककृतीतली "10 मिनिटे" ही फक्त दाब आल्यानंतरची असतात. दाब यायला दहा-पंधरा मिनिटं, उतरायला तेवढीच, म्हणजे प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या वर. नुसता वेग हवा तर गॅसवरचा साधा कुकर पुढेच असतो. इलेक्ट्रिकचा फायदा असा की बटण दाबून मुलाचा अभ्यास घ्यायला बसता येतं, शिट्ट्या मोजायच्या नसतात, आणि ते सुख लहान नाही.

स्लो कुकर सहा-आठ तास उकळीच्या खालीच ठेवतो. जाड, चिवट मांसाला यासारखं काही नाही, त्यातल्या कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचं हळूहळू मऊ जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटेल असा होतो. चिकनचा छातीचा भाग मात्र कोरडा पडतो, मांडीचा घ्या. गोठलेलं मांस थेट घालू नका, ते गरम व्हायला फार वेळ घेतं. दूध-क्रीम शेवटच्या अर्ध्या तासात घाला. आणि राजमा कच्चा कधीच घालू नका, त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही, उलट ते अर्धवट गरम झालं तर जास्त त्रासदायक होऊ शकतं. भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळाखळा उकळा, जास्त उकळलं तर अजून निर्धास्त, आणि मगच स्लो कुकरमध्ये.

माझं मत विचाराल तर दोन्हींतलं एकच परवडणार असेल तर प्रेशर कुकर. कारण स्लो कुकरला सकाळी वेळ द्यावा लागतो, आणि ज्या घराची सकाळच सगळ्यात धावपळीची तिथे तो कपाटात जातो, आमच्याकडे तसाच गेला. सकाळ निवांत असेल, रात्रपाळी असेल, तर मात्र उलटं.

एकाच ट्रेमध्ये ओव्हनला

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही कारण पद्धत सोपी आहे. 220 अंश, सगळं एका थरात, तुकड्यांमध्ये जागा सोडून, तेल आणि मीठ चोळून. खमंगपणा आपोआप येतो. बटाटा, गाजर आधी पंधरा मिनिटं, नाजूक भाज्या नंतर. हात फक्त दहा मिनिटं गुंततात, पण ओव्हन तापणं धरून एकूण पाऊण तास जातो, आणि चार माणसांपेक्षा जास्त असतील तर एका ट्रेमध्ये पुरत नाही.

आणि ज्या दिवशी काहीच तयारी नाही त्या दिवसासाठी फ्रीजरमध्ये मटारची पिशवी आणि घरात अंडी ठेवाच. फ्रोझन मटार गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढलेले असतात म्हणून त्यांना शिजायला तीन-चार मिनिटं पुरतात, विरघळवत बसायचं नाही, थेट टाकायचे. लसूण आधी ठेचून तसाच राहू द्या, तोवर भात लावा, ठेचल्यावर थोडा वेळ राहिला की लसणाचा स्वाद खुलतो. मग तेलात लसूण, मटार, मोठ्या आचेवर, बाजूला सारून अंडी फोडा, ती अर्धवट घट्ट झाली की सगळं एकत्र, वर भरपूर मिरी आणि अर्धं लिंबू. भाताची वाफ जिरेपर्यंत हे तयार असतं आणि आमच्याकडे याचीच मागणी सगळ्यात जास्त आहे.