अल्पाइन जेन्शियन: एडिनबरामधील १८ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एडिनबरातील एका रोपवाटिकेतून मी ‘जेन्शियाना अकॉलिस’चे रोप आणले. नऊ सेंटिमीटरच्या कुंडीत तळहाताएवढ्या जागेत पानांचे चार-पाच गुच्छ आणि एक कळी, एवढेच ते होते. आता ऑक्टोबर चालू आहे. दोन वसंत आणि एक पूर्ण हिवाळा या रोपाबरोबर काढल्यानंतर त्याच्याविषयी खात्रीने काही सांगता येईल असे वाटते.

आल्प्स, पिरेनीज आणि कार्पेथियन पर्वतांतील उंचावरची कुरणे हे या वनस्पतीचे घर. ‘अकॉलिस’ म्हणजे देठ नसलेली, आणि फूल खरोखरच जमिनीवर ठेवल्यासारखे दिसते. चिवट, गडद हिरव्या पानांचा थर बोटभर उंचीच्या वर जात नाही. त्यातून साधारण पाच सेंटिमीटर लांबीचे, कर्ण्यासारखे निळे फूल वर तोंड करून येते. ऑस्ट्रियाच्या एक सेंटच्या नाण्यावर जेन्शियनचे फूल आहे, यावरून त्या डोंगराळ मुलखात त्याला किती मान आहे हे कळते. आपल्याकडे काढ्यासाठी वापरतात ते काडेचिराईतही याच कुळातले. कडूपणा हा या घराण्याचाच गुण.

रोपाबरोबरच्या चिठ्ठीवर ‘अर्धवट सावली चालेल, विशेष निगा नको’ असे लिहिले होते. त्यावर विसंबून मी ते बाजारच्या तयार मातीत, पूर्वेकडच्या भिंतीलगत लावले. मे महिन्यात ती एकुलती एक कळी उमलली. मात्र जुलैच्या पावसात खालची पाने पिवळी पडून गुच्छांच्या मुळाशी काळपट, बुळबुळीत झाली. रोप उपटून पाहिले तेव्हा कारण समजले. मुळांभोवती रोपवाटिकेतील पीटचा, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, घट्ट गोळा तसाच होता आणि तो पिळला असता स्पंजासारखे पाणी गळत होते. दोष थंडीचा नव्हता, कारण तेव्हा थंडी नव्हतीच. मुळांना हवा मिळत नव्हती.

त्यानंतर मी जुनी दगडी डोणी मिळवली. गुरांना पाणी पाजायच्या अशा डोण्या आणि स्वयंपाकघरातली जुनी दगडी सिंक यांत पर्वतीय झाडे लावण्याची ब्रिटनमधील रीत जुनी आहे. तळाला भोक मोकळे ठेवून त्यात पोयटा, पालापाचोळ्याचे कुजलेले खत आणि बारीक खडी समप्रमाणात घातली, मुळांवरचे पीट कोमट पाण्यात हलक्या हाताने सोडवले आणि रोप चांगले दाबून बसवले. हे दाबणे महत्त्वाचे आहे, कारण भुसभुशीत मातीत या रोपाची मुळे नीट धरत नाहीत. वर गुच्छांच्या खाली सरकवत दोन सेंटिमीटर खडीचा थर दिला, म्हणजे पाने ओल्या मातीला टेकत नाहीत. डोणी दक्षिणेकडे, दिवसभर ऊन लागेल अशा जागी ठेवली.

हिवाळ्यात काहीही झाकले नाही. दोनदा बर्फ पडला, अनेक रात्री पाणी गोठले, आणि रोपाला त्याचे काही वाटले नाही. एप्रिलमध्ये मात्र गोगलगायींनी एका रात्रीत चार कळ्या टोकापासून कुरतडल्या. तेव्हापासून अंधार पडल्यावर विजेरी घेऊन त्या वेचणे हा नित्यक्रम झाला. उरलेल्या अकरा कळ्या मेमध्ये उमलल्या. कळी पीळ दिलेल्या छत्रीसारखी असते. ऊन पडले की पीळ सुटत जातो, आणि आत डोकावले की घशात हिरवट ठिपक्यांच्या रांगा दिसतात. ढग आला की तेच फूल पुन्हा मिटते. निळ्या रंगाचे म्हणाल तर माझ्याकडच्या कुठल्याही छायाचित्रात तो उतरलेला नाही.

उन्हाळ्यात मात्र पाण्याची हयगय चालत नाही; कोरड्या आठवड्यात मी दर दोन दिवसांनी भरपूर पाणी देतो. निचरा हवा याचा अर्थ कोरडे हवे असा नव्हे, आणि हे समजायलाच मला सर्वांत जास्त वेळ लागला. खत म्हणाल तर वसंतात मूठभर पालापाचोळ्याचे खत, बाकी काही नाही.

एक उणीव सांगितलीच पाहिजे. हे रोप एका बागेत भरभरून फुलते आणि शेजारच्या बागेत वर्षानुवर्षे नुसती पाने धरते, असे इथले जुने बागकामकरीही सांगतात. त्यामुळे पहिल्या वर्षी फूल नाही आले तर जागा बदलून पाहावी, पण दरवर्षी उपटू नये.

पुणे-नाशिककडच्या नातेवाइकांनी बी मागितले, त्यांना मी स्पष्ट नाही म्हटले. महाबळेश्वरला उंची आहे, पण तिथला पावसाळा आणि गोठवणारा हिवाळा नसणे या दोन्ही गोष्टी याच्या विरुद्ध जातात. बियांना रुजण्यापूर्वी थंडीचा काळ लागतो, तोही तिथे मिळणार नाही. ज्यांच्याकडे खरी थंडी आणि उघडे ऊन आहे, अशा युरोपातील किंवा कॅनडातील मराठी मंडळींनी हे रोप जरूर लावावे.

आज सकाळी खडी साफ करताना मधल्या गुच्छात दोन निळसर टोके दिसली. सौम्य शरदात हे रोप कधी कधी अवेळी फुलते. तिथली गोगलगाय मी आधी वेचून टाकली आणि मगच आत आलो.