सेकंडहँड कूलस्कॅन ९००० : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आकडा आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. १ लाख ८५ हजार रुपये. एवढे मोजून मी मुंबईहून एक जड डबा आणला. त्याचं उत्पादन कधीच बंद झालंय, वॉरंटी नाही, आणि आजच्या लॅपटॉपला लावायला त्याची वायरसुद्धा बसत नाही. निकॉन सुपर कूलस्कॅन ९००० ईडी, म्हणजे निगेटिव्ह आणि स्लाइड स्कॅन करणारा स्कॅनर. २००४ च्या आसपासचं मशीन, ३५ एमएम आणि १२० (जास्त रुंद रोल) दोन्ही फिल्म घेणारं. नोव्हेंबरात आणलं, आता जुलै चालू आहे.

घेण्याचं कारण घरचंच. आप्पांचा कोल्हापुरात शाहूपुरीत फोटो स्टुडिओ होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि दुकानात छातीएवढं पाणी आलं. खालच्या फळीवरची निगेटिव्हची खोकी बुडाली. जी ओली असतानाच स्वच्छ पाण्यात सोडली ती सुटली. जी चिखलासकट वाळली त्यांची बटर पेपरसह वीट झाली, ती गेली. उरलेली खोकी २०२१ चा पूर यायच्या आत घरी माडीवर आणली होती. तेव्हापासून स्कॅन करू, स्कॅन करू चाललेलं.

आधी साधा फ्लॅटबेड स्कॅनर होता, कागद ठेवायच्या सपाट काचेचा. त्याच्या खोक्यावर ६४०० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके) छापलेलं असतं, हातात पडतात निम्म्याहून कमी. ३५ एमएमचं फेसबुकवर टाकायला ठीक, पण १२ बाय १८ चा प्रिंट काढला की चेहरे साबण लावल्यासारखे दिसायचे. हॅसलब्लाडचा फ्लेक्सटाइट स्कॅनर डोक्यात होता. फिल्म वाकवून ताणून धरतो, त्यामुळे फोकस कडेपर्यंत चोख. पण तोही २०१९ ला बंद झाला, सेकंडहँड भाव ऐकून फोन ठेवून दिला, शिवाय त्यात इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय नाही. पूर बघितलेल्या निगेटिव्हना ती सोय पाहिजेच, असं मला वाटत होतं. हे 'वाटत होतं' लक्षात ठेवा, पुढं त्याचीच गोष्ट आहे.

विकणाऱ्याची मुंबईत लॅब होती, ती बंद झाली होती. माणूस सरळ. मी माझी स्लाइड सोबत घेऊन गेलो, आणि कुणी हे मशीन बघायला जाणार असेल तर एवढं नक्की करा. काळ्या कडेला लागून पांढरं, ढगाळ आकाश असलेली एखादी स्लाइड न्या आणि ती स्कॅन करायला लावा. काळ्यात पांढऱ्याचा धूर पसरलेला दिसला की समजायचं, आतल्या आरशावर धूळ बसलीय. या मशीनमध्ये फिल्मवरून आलेला प्रकाश आरशावरून वळून लेन्सकडे जातो. वीस वर्षांत त्या आरशावर पातळ थर बसतो. मशीन बंद पडत नाही, एरर येत नाही, फक्त सगळे स्कॅन जरा मळकट येतात, आणि मालकाला ते इतकं सवयीचं झालेलं असतं की त्याला ते दिसतच नाही. माझ्या स्लाइडवर धूर होता. मी दाखवला, त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं, आणि वीस हजार कमी केले.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने आणलं. नऊ-दहा किलो वजन, बर्थवर पायाशी ठेवलं आणि रात्रभर पाय आखडून झोपलो. सकाळी स्टेशनवर रिक्षावाल्याने विचारलं, "पाव्हणं, झेरॉक्स मशीन व्हय?" मी हो म्हणालो. खरं सांगायला गेलो असतो तर भाडं वाढलं असतं.

जोडणीचा आठवडा थोडक्यात उरकतो. मशीनला यूएसबी नाही, फायरवायर ही जुनी जोडणी आहे. मॅकवाल्यांनी फार आशा ठेवू नये, ॲपलने नव्या मॅकओएसमधून फायरवायर काढूनच टाकलंय. मी राजारामपुरीतून एक जुना डेस्कटॉप घेतला, त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं फायरवायर कार्ड बसवलं आणि विंडोज १० वर जुना 'लेगसी' ड्रायव्हर टाकला. निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर विंडोज व्हिस्टाच्या काळात थांबलंय. ६४ बिटवर ते चालवायच्या युक्त्या आहेत, पण मी व्ह्यूस्कॅन हे दुसरं स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि डोकं शांत ठेवलं. एकच काळजी घ्या. मशीन चालू असताना फायरवायरची पिन काढू-घालू नका. त्या वायरमधून वीजही जाते. पोर्ट जळाला तर दुरुस्त करून देणारा शोधत फिरावं लागेल. आमच्याकडे पावसात लाईट जाते-येते, म्हणून यूपीएसशिवाय मी बटण दाबत नाही.

आता कौतुक. रंगीत निगेटिव्हवर हे मशीन काय करतं ते बघितल्यावर पैसे विसरायला होतात. नव्वदच्या दशकातल्या लग्नाचा एक रोल आहे, ३५ एमएम. हळदीचा फोटो, नवरीच्या गालावरून आडवा चरा गेलेला, वर बुरशीची नक्षी. डिजिटल आइस हे त्या इन्फ्रारेडच्या सोयीचं नाव. आधी ते बंद ठेवून स्कॅन केला, मग चालू करून. चरा गेला. पुसून टाकल्यासारखा नाही, तिथं हळदच होती असा गेला. कारण साधं आहे. मशीन लाल, हिरव्या, निळ्याबरोबर इन्फ्रारेड प्रकाशातही फिल्म बघतं. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला अडवत नाहीत, धूळ आणि चरे अडवतात. म्हणजे कचऱ्याचा वेगळा नकाशाच हातात मिळतो आणि तेवढीच जागा भरून काढता येते. बुरशीने जिथं खालचा थरच खाल्लाय तिथं मात्र आइस चाचपडतं, खाल्लेलं परत येत नाही. तरीही जे काम फोटोशॉपमध्ये हाताने करायला मला तास लागला असता ते मी चहा पिईपर्यंत झालं.

४००० डीपीआयला ३५ एमएमची फ्रेम २१ मेगापिक्सेलची येते. १२० वरची चौकोनी, ६ बाय ६ सेंटिमीटरची फ्रेम जवळजवळ ७८ मेगापिक्सेल, १६ बिटमध्ये साडेचारशे एमबीच्या वर एक फाइल. हार्ड डिस्कचा खर्च धरा. वेळ माझ्या घड्याळाने सांगतो: आइससकट ६ बाय ६ ला सहा-सात मिनिटं. गडद आकाशात पट्टे दिसले तर फाइन मोड लावावा लागतो. त्यात तीनऐवजी सेन्सरची एकच ओळ वापरली जाते, पट्टे जातात, पण वेळ दुपटीच्या पुढं. आप्पा पहिल्या दिवशी शेजारी खुर्ची टाकून बसले होते, दुसऱ्या फ्रेमला उठून गेले. "एवढ्या वेळात मी रोल धुऊन वाळत घातला असता," म्हणाले.

आणि इथंच माझी चूक. आप्पांच्या खोक्यांत रंगीत माल कमी आहे. सत्तर आणि ऐंशीच्या दशकातलं सगळं यशिकामॅट कॅमेऱ्यावर काढलेलं, १२० चं ब्लॅक अँड व्हाइट. पूर्व जर्मनीची ओर्वो आणि उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडलाही अडवते. आइसला चित्र आणि कचरा सारखेच दिसतात. चालू केलं तर पैलवानाच्या मिशाच खाऊन टाकतं. म्हणजे ज्या सोयीसाठी मी फ्लेक्सटाइट नको म्हटलं, ती माझ्या दोन तृतीयांश निगेटिव्हना लागूच होत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, वाचलं होतं. पण घ्यायचंच ठरलं की वाचलेलं सोयीने विसरतो माणूस. उलट याचा एलईडी प्रकाश इतका करकरीत की फ्लॅटबेडवर न दिसलेला प्रत्येक केस, प्रत्येक ओरखडा ठसठशीत उमटतो. खासबागेतल्या कुस्तीची एक फ्रेम साफ करायला मला अडीच तास लागले. पाठीवरचा ठिपका धूळ की आखाड्याची लाल माती, हे दर वेळी थांबून ठरवायचं. शेवटी अर्धे ठिपके राहू दिले.

दुसरा त्रास फिल्म सपाट बसण्याचा. आप्पांनी स्टुडिओच्या पद्धतीने एकेक फ्रेम कापून बटर पेपरमध्ये घातलेली. चाळीस वर्षांत तिची पन्हाळी झालेली. या मशीनच्या फोकसची खोली फार कमी आहे. मधोमध नाक धारदार आलं की कडेचे लोक धूसर. मूळ होल्डर फिल्मला दोन कडांनी धरून ताणतो, ते सरळ फिल्मला पुरतं, या पन्हाळीला नाही. निकॉनचा काचेचा होल्डर वेगळा मिळायचा. आता तो कुणी विकायला काढला तर निम्म्या मशीनचा भाव सांगतो.

म्हणून स्वतः काच घालायचं ठरवलं. आधी फ्रेमवाल्याकडून चकाकी न मारणारी काच कापून आणली. तिचा खरखरीतपणा आकाशात वाळूसारखा उतरला. साधी काच घातली तर फिल्मच्या गुळगुळीत बाजूला तेलाच्या तवंगासारखी रंगीत कडी, न्यूटन रिंग्ज. शेवटी खास अँटी-न्यूटन काच मागवली. ती गुळगुळीत बाजूला लावायची, इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची बाजू मुळातच मॅट असते, तिला फारसा त्रास होत नाही. पण काच घातल्यावर होल्डर जाड झाला आणि आत जाता जाता अडकला. आतून आलेला तो कर्रर्र आवाज अजून आठवतो.

होल्डर घेऊन उद्यमनगरात गेलो. ओळखीच्या मिस्त्रींच्या शॉपमध्ये एरवी पंपाचे आणि ऑइल इंजिनचे भाग बनतात. त्यांनी व्हर्निअर लावला, काच उजेडात धरली आणि विचारलं, "ह्यात ठेवायचं काय?"

"निगेटिव्ह. जुन्या फोटोंच्या."

"मग ही कड कशाला ठिवलीया? मिलिंगवर अर्धा एमएम काढू या की."

मूळ होल्डरला हात लावायची माझी छाती झाली नाही. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून नवीन चौकट करून दिली, कडा घासून काळ्या केल्या. दोनदा घालून बघितली, तिसऱ्यांदा बसली. पैसे विचारले तर म्हणाले, "आमच्या तालमीचा फोटो निघाला तर द्या एक." या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला होता, तिथं एका होल्डरचं काय घेऊन बसलात, असा त्यांचा चेहरा होता.

फोटो निघाला. सत्तरच्या दशकाअखेरचा तालमीचा ग्रुप, तीन ओळी, पुढं मांडी घालून बसलेली पोरं. शंभर टक्के झूम करून डावीकडून उजवीकडे सरकत गेलो. दुसऱ्या ओळीत एकाच्या मनगटावर घड्याळ, त्यात सव्वापाच वाजलेत. मागं सायकलच्या दुकानाची पाटी, 'पंक्चर' वाचता येतं. एका पोराने वस्तादांच्या नकळत शेजारच्याचा कान धरलाय, हे आप्पांच्या जुन्या प्रिंटमध्ये कधीच दिसलं नव्हतं. आप्पांनी ते बघितलं आणि त्या पोराचं नाव सांगितलं.

आरसा जानेवारीत साफ केला. इथल्याच एका जुन्या कॅमेरा दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरून, एकाच दिशेने, न घासता पुसला. आरशाचा चकाकणारा लेप काचेच्या वरच असतो, जोर दिला की ओरखडा कायमचा. हे घरी करायचं काम नाही. नंतर तीच स्लाइड परत स्कॅन केली. काळा खरंच काळा आला. आधीचे दोनशे स्कॅन टाकून देऊन पुन्हा करायचा मोह झाला, पैकी चाळीस केले.

हवामानाचं एक. उन्हाळ्यात फिल्म कडक होऊन जास्त वळते आणि स्थिर विजेने धूळ ओढते. पावसात जरा नरम पडून सपाट बसते, पण काचेला चिकटते आणि बुरशीची भीती. मी मशीन झाकून ठेवतो, कपाटात सिलिका जेल आणि आर्द्रता मापक आहे, आणि आठवड्यातून दोनदा तरी चालू करतो. चालू होताना ते कुईं-कुईं करत स्वतःशीच मिनिटभर भांडतं. घाबरू नका, तसंच आहे ते.

परत घेईन का? तुमच्याकडे रंगीत १२० भरपूर असेल तर डोळे मिटून घ्या, आरसा बघून. फक्त ब्लॅक अँड व्हाइट असेल आणि बऱ्यापैकी कॅमेरा घरात असेल, तर एक मॅक्रो लेन्स, लाइट पॅनल आणि भक्कम स्टँड घ्या. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून चौकोनी फ्रेमला १६ मेगापिक्सेल मिळतात. स्कॅनरच्या ७८ पुढं हे कमी वाटेल, पण यशिकामॅट हातात धरून, इंदू फिल्मवर काढलेल्या लग्नाच्या फोटोत मुळात ७८ मेगापिक्सेल नसतात. मी स्वतः मार्चपासून निवडक फ्रेम स्कॅनरवर आणि बाकीच्या कॅमेऱ्यावर असंच करतो. हे आधी केलं असतं तर कदाचित स्कॅनर घेतलाच नसता. पण मग ते कान धरलेलं पोरही दिसलं नसतं. मशीन, कार्ड, काच, डेस्कटॉप, सगळं धरून २ लाख २० हजाराला गेलं, ते अजून आईला सांगितलेलं नाही.

आत्तापर्यंत साधारण २३०० फ्रेम झाल्या, त्यातल्या ९०० एकशेवीसच्या. सहा खोकी उरलीत. आज सकाळी राजाराम बंधाऱ्यावर ३४ फूट पाणी होतं. इशारा पातळी ३९, धोका ४३. आमची माडी त्याच्या बरीच वर आहे, तरी आप्पांनी दुपारी खोकी माळ्यावर चढवायला लावली. स्कॅनर कुठं ठेवायचा विचारलं तर म्हणाले, "राहू दे तिथंच, ते पुन्हा मिळतंय बाजारात."