गो की रस्ट? काय बांधायचंय ते आधी ठरवा

पायथॉनवर हात बसला, आता एखादी कंपाइल होणारी, म्हणजे आधी मशीन कोडमध्ये बदलून मग चालणारी भाषा शिकावी असं वाटू लागलं की बरेच जण या दोन नावांपाशी अडतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: एपीआय, सर्व्हर किंवा कमांड लाइनचं टूल लिहायचं असेल तर गो घ्या.

गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या या भाषेत कीवर्ड अवघे २५. नवा माणूस दोन आठवड्यांत टीमच्या कोडला हात घालू शकतो. सर्व्हरवर ॲप्स चालवणारी डॉकर आणि कुबरनेटीस ही टूल्स गोमध्येच लिहिलीत. मला सर्वांत भावतं ते शेवटचं पाऊल. 'गो बिल्ड' म्हटलं की एकच फाइल तयार होते. ती सर्व्हरवर टाकायची आणि चालवायची. सी भाषेतली लायब्ररी मध्ये आली नाही, तर तिथे वेगळं काहीच बसवावं लागत नाही.

गोरूटीन, म्हणजे एकाच वेळी चालणारी छोटी कामं, हीही स्वस्त. सुरुवातीला प्रत्येकाला जेमतेम २ केबी स्टॅक (कामापुरती मेमरी), त्यामुळे हजारो उघडले तरी चालतात. पण इथेच आम्ही एकदा पोळलो. दोन गोरूटीन एकाच मॅपमध्ये (पायथॉनच्या डिक्शनरीसारखा) लिहीत होते. कोड कंपाइल झाला, टेस्टही पास झाल्या, आणि रात्री लोड वाढल्यावर अख्खी प्रोसेस कोसळली. हीच चूक रस्टमध्ये केली असती तर कोड कंपाइलच झाला नसता.

रस्टची खरी ताकद ती. प्रत्येक व्हॅल्यूचा मालक एकच. एखादी स्ट्रिंग फंक्शनला देऊन टाकली आणि पुढच्या ओळीत पुन्हा वापरली, तर ती कुठे दिली ते दाखवून कंपाइलर अडवतो. पहिला महिना यात जातो, चिडचिड होते, बिल्डलाही वेळ लागतो. मोबदल्यात गार्बेज कलेक्टरची, म्हणजे न लागणारी मेमरी शोधून मोकळी करणाऱ्या यंत्रणेची, गरज उरत नाही. डिस्कॉर्ड या चॅट ॲपने आपली एक सर्व्हिस गोवरून रस्टवर नेली ती याचसाठी: कलेक्टर दर दोन मिनिटांनी धावायचा आणि तेवढ्यापुरता प्रतिसाद मंदावायचा. मायक्रोकंट्रोलर, ड्रायव्हर, क्षणाचाही अडथळा न चालणारी कामं असतील, तर रस्टच शिका. २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येही तिला जागा मिळाली आहे.

गो निवडलीत तर टेस्ट पहिल्या दिवसापासून रेस डिटेक्टर (अशा एकाच वेळच्या लिहिण्यातल्या चुका पकडणारं गोचंच साधन) लावून चालवा, आणि दोन गोरूटीन एकाच वेळी लिहितील अशी एक तरी टेस्ट ठेवा. आमच्याकडे तीच नव्हती.